नाकावरच्या कापडासाठी कवठे महांकाळपर्यंत

या ब्लॉगवर एरवी किल्ले, घाट आणि कुठल्या वळणावर बरी भजी मिळतात असलं काहीतरी असतं. या वेळचा प्रवास मात्र मी हौसेनं केलेला नाही. वाईला राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीचा, आपाचा, फोन आला. तिच्या मुलीच्या, मेहजबीनच्या लग्नाची तारीख धरायला कवठे महांकाळला जायचं होतं, पण मेहजबीनच्या अब्बांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना सोडून आपा हलणार नाही, तेव्हा बोलणी करायला मी जावं. मग आवाज खाली आणून तिनं खरी गोष्ट सांगितली. मुलाच्या मोठ्या भावानं आता अट घातली होती की लग्नानंतर मेहजबीननं नकाब घ्यावा. म्हणजे नुसता डोक्याला स्कार्फ नाही, चेहराही झाकायचा. साखरपुडा झाला तेव्हा हा भाऊ झोपला होता का, असं मी विचारलं. तिथे जाऊन असं बोलू नकोस, एवढंच आपा म्हणाली.

मेहजबीन वाईजवळ कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते, लग्नानंतर त्याच संस्थेच्या मिरजेच्या शाळेत बदली घ्यायची असं साखरपुड्यातच ठरलं होतं. तिच्या वर्गातली पोरं तिच्या ओठांकडे बघून शब्द ओळखायला शिकतात. ओठ झाकले की शिकवणं संपलं, इतका हा सरळ हिशोब आहे. आणि ती काही माझ्यासारखी नाही. मी डोक्यावर हेल्मेटशिवाय काही घेत नाही. आमच्या अम्मीनं आणि आपानं जन्मभर साडीचा पदर घेतला, शेजारच्या पाटलीणबाई घेतात तसाच. मेहजबीननं कॉलेजात असताना स्वतः वाचून, विचार करून स्कार्फ सुरू केला, तेव्हा घरात तिलाच सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. आता तीच पोरगी कुणाला पुरेशी झाकलेली वाटत नव्हती.

शनिवारी सकाळी पुण्यातून निघाले. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅग असूनही रांग होती, ती का असते हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. सोबत आमच्या सोसायटीतली एक ओळखीची बाई होती, शिरवळच्या एका कंपनीत नोकरीला. तिला लिफ्ट दिली ही माझी चूक. मी कुठे आणि कशाला चाललेय हे ऐकल्यावर ती शिरवळ येईपर्यंत थांबलीच नाही. तुमच्यात बायकांवर फार बळजबरी असते, तुम्ही कशा सहन करता, वगैरे वगैरे. मग स्वतःच सांगायला लागली की गावी सासऱ्यांसमोर तिला अजून पदर घ्यावा लागतो, पण ते वेगळं, ती रीत आहे. शिरवळला मिसळ खाल्ली. मिसळ चांगली होती, पाव शिळे होते. निघताना तिनं ओढणी नाकातोंडावरून करकचून बांधली, नुसते डोळे ठेवले, आणि मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून कंपनीत गेली. धुळीसाठी, म्हणाली. मी काहीच म्हटलं नाही, कारण पुढे खंबाटकीचा घाट होता आणि मला डोकं शांत हवं होतं.

घाटात उसाच्या ट्रॉलीमागे अडकून, सुरूर फाट्याला वळून वाईला पोचले. आपानं जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती की मुलगा चांगला आहे, शांत आहे, इरफानसारखा मुलगा परत मिळायचा नाही. मेहजबीन बॅग भरून तयार होती. घाटावर जाऊन कृष्णेचं पाणी बघायची माझी इच्छा होती, ती राहून गेली. ज्यांना वेळ आहे त्यांनी सकाळी लवकर जावं, दुपारी तिथे फक्त फोटोवाले असतात.

पाचवडला हायवेला लागलो आणि मी भाचीला लढाईसाठी तयार करायला लागले. काय बोलायचं, कसं बोलायचं, कुठे आवाज चढवायचा. ती ऐकत होती. कराड मागे पडल्यावर म्हणाली, "खाला, मी नाही म्हणायला निघालेली नाहीये. मला अजून कळायचंय."

स्टिअरिंग हातात होतं म्हणून, नाहीतर मी कपाळावर हात मारून घेतला असता. काय कळायचंय? तर तिनं मला पेठ नाक्यापर्यंत समजावलं. कुराणात बायकांनी आपली शोभा दाखवू नये असं आहे, पण जे आपसूक दिसतं ते सोडून. आता आपसूक दिसतं ते काय, यावर जुन्या आलिमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं, एकमत नाही. कुणी म्हणतं चेहरा आणि हात, कुणी म्हणतं नुसते वरचे कपडे. आमच्या हनफी परंपरेत चेहरा झाकलाच पाहिजे असं मूळचं नाही, पण काळ वाईट असेल तर तरुण बाईनं झाकावा असं सांगणारे मोठे लोक होऊन गेले. आणि त्याच्या आधीच्याच आयतीत पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगितलंय, तो हुकूम आधी येतो. मी म्हटलं, मग झालं की, तेवढंच सांग त्यांना. ती म्हणाली की दुसऱ्याला सांगितलेलं आपल्या सोयीसाठी वापरायचं नसतं. तिनं इस्तिखारा केला होता, म्हणजे देवाला वाट दाखव म्हणून करतात ती नमाज. अजून काही उमगलं नव्हतं. मी सांगलीत गाडी थांबवून भडंग घेतलं, दोन पाकिटं, आणि रागाच्या भरात एक मीच संपवलं.

मुक्काम मिरजेला लॉजवर केला. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी अर्धा तासच, पार्किंगला जागा आहे. दोन बायका कशाला आल्यात हे मॅनेजरला जाणून घ्यायचं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.

रविवारी कवठे महांकाळ. मिरजेपासून रस्ता मस्त आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. ऊस मागे पडतो, माळ सुरू होतो, मग द्राक्षबागा आणि बेदाण्याची हिरव्या जाळीची शेड दिसायला लागतात. दिवस द्राक्षांचे होते, रस्त्यावर पाट्या लावून विकत होते. पुण्यात त्याच द्राक्षांना आपण काय देतो हे आठवून जीव जळतो.

घर बाजाराच्या रस्त्याला होतं. खाली ठिबकच्या पाइपांचं दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. इरफानची अम्मी, साध्या सुती साडीचा पदर डोक्यावर घेतलेली, दारातच आमच्या गळ्यात पडली. अट घालणारा मोठा भाऊ शकील स्वयंपाकघरात चुलीशेजारी पाटावर बसून तव्यावरची भाकरी खात होता. त्याची बायको माहेरी गेली होती. हात धुऊन बाहेर आला आणि पहिलं वाक्य असं बोलला की कुणी पुरुष माणूस नाही का आलं. मी सांगितलं, मी आलेय, गाडीही मीच चालवलीय. त्यानंतर तो माझ्याशी बोलला ते सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून. मला ते इतकं खटकलं की मी कॅलेंडरच्या बाजूला सरकून बसले.

इरफान कोपऱ्यात होता. आपानं वर्णन केलं तसाच, शांत.

शकील वाईट माणूस नाही. पाच वेळा नमाज पढतो, दुकानात माप मारत नाही असं त्याची अम्मी कौतुकानं सांगत होती. पण हल्ली मोबाइलवर भाषणं ऐकून त्याला सगळ्याचं उत्तर सापडलं होतं. चेहरा हीच खरी शोभा, तोच उघडा ठेवला तर बाकी झाकून उपयोग काय, असं त्याचं म्हणणं. त्याची अम्मी मधेच म्हणाली की हजला गेले तेव्हा तिथे बायकांनी तोंड उघडंच ठेवायचं असतं, अल्लाच्या घरात चालतं मग कवठ्यात का चालू नये. तो म्हणाला, ते इहरामपुरतं, हजचे कपडे अंगावर असतात तेवढंच. शाळेचा विषय काढला तर म्हणाला, आज शाळा, उद्या आणखी काही, अडचण सगळ्यांनाच असते. आमचं घरातलं बोलणं अर्धं दख्खनी अर्धं मराठी चालतं, त्यातल्या दोन्ही भाषांतले माझे कडक शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात मेहजबीन बोलली, अगदी वर्गात बोलते तशी, एकेक शब्द सुटा.

"भाईजान, तुम्ही चूक आहात असं मी म्हणणार नाही. तसं सांगणारे मोठे लोक होऊन गेलेत. मग आपण ते पूर्ण करू. नवऱ्याचा भाऊ बाईला परकाच असतो. पैगंबरांनी तर त्याला मरण म्हटलंय, इतकं त्याच्यापासून जपायचं. रस्त्यावरचा माणूस मला घटकाभर बघेल, तुम्ही जन्मभर बघाल. तेव्हा पडदा घरात आधी. स्वयंपाकघरात तुम्ही यायचं नाही, वर येताना खालून आवाज द्यायचा, ताट बाहेर येईल. हे तुम्ही पाळा. मी शाळा सोडते."

शाळा सोडते हे आमच्यात ठरलेलं नव्हतं. शकीलनं पहिल्यांदाच कॅलेंडरवरून नजर काढली आणि खाली बघितलं. मग त्याची अम्मी म्हणाली, "आन् भाकरीचं काय? ह्यो तव्यावरची खातो. गार भाकरीला हात लावत न्हाई ह्यो."

शकील म्हणाला, "घरात कशाला येवढं? घरचीच मानसं हायत." मग म्हणाला की तसं बघितलं तर चेहऱ्याबद्दल मतभेद हायतच, स्कार्फ घेती तेवढं बास हाय, शाळा बी करू दे.

संपलं. ज्यासाठी आपाला रक्तदाबाची गोळी वाढवावी लागली, ते एका भाकरीवर निकाली निघालं. अम्मीनं इरफानला विचारलं, तुझं काय रं. तो म्हणाला, भाई म्हणंल ते. तारीख धरली, सगळ्यांनी गूळ खाल्ला, आम्हाला द्राक्षांची एक पेटी मिळाली.

परतताना मी खुशीत गाणी लावली होती. साताऱ्याला वळून कंदी पेढे घेतले, आपाचं तोंड गोड करायला. मेहजबीननं पेढा घेतला नाही. तू असला भारी डाव टाकलास की मी बघतच राहिले, असं मी तिला म्हटलं. तिनं गाणी बंद केली.

"डाव नव्हता खाला. शकीलभाई हो म्हणाले असते तर मी उद्या राजीनामा दिला असता." ती रडत नव्हती, चिडली होती. "गेलं वर्षभर मी विचारतेय की हा अल्लाचा हुकूम आहे की नाही. वर्गात उभी असताना विचारतेय. त्यांनी मला शाळा सोडायला सांगितली तेव्हा तो हुकूम होता. त्यांची भाकरी गार व्हायला लागली तेव्हा त्यात मतभेद निघाले."

मग माझीही चिडचिड झाली, की अगं, मिळालं ना हवं ते, घे की. वाईला तिला सोडलं, पेढे आपाला दिले, रात्री पुण्यात पोचले. एकूण प्रवासाला गाडीनंच जावं, एसटी बदलत गेलात तर दिवस मोडतो. द्राक्षं उत्तम निघाली.

बुधवारी आपाचा फोन आला, रडत. मेहजबीननं लग्न मोडलं. सगळं मनासारखं होऊन मोडलं, असं कुणी करतं का, तू तिला काय शिकवलंस गाडीत. मी काहीही शिकवलेलं नव्हतं, उलट दोन दिवस तीच मला शिकवत होती, पण आपा ऐकायला तयार नव्हती. तिचा राग माझ्यावर अजून आहे. मला माझ्या भाचीचं डोक्यावर स्कार्फ घेणं नीट कळत नाही, तिची वर्षभराची घालमेल कळत नाही. मला एवढंच कळलं की त्या वरच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो आणि देवाचं म्हणणं काय, हे खरंच जाणून घ्यायचं होतं ते एकट्या तिला.

संध्याकाळी तिला फोन केला. शाळेतून नुकतीच आली होती. मी विचारलं, इरफानचं काय चुकलं, तो तर काही बोललासुद्धा नाही.

"मी त्याला फोन करून विचारलं," ती म्हणाली. "शकीलभाईंचं सोड, अम्मीचं सोड, तुला स्वतःला काय वाटतं, अल्ला माझ्याकडून काय मागतो. तर म्हणाला, तू म्हणशील ते. खाला, तो झाक म्हणाला असता तर मी त्याच्याशी भांडले असते. नको झाकू म्हणाला असता तरी भांडले असते. पण लग्न केलं असतं."