बैलाच्या कपाळावरचं कुंकू

माझी शाळा सातवीतच सुटली. इंग्रजी पाटी दिसली की मी पाटीऐवजी भाचीच्या तोंडाकडं बघते. ही माझ्या बहिणीची मुलगी, सनीव्हेलला चिपच्या कंपनीत आहे. व्हिसाच्या वेळी ‘मावशीची सगळी हमी माझी’ असं लिहून देऊन तिनंच मला इकडं अमेरिकेत आणलं. तिचे उपकार आठवून मी सारखी दबकत असते. ती म्हणते, “यार मावशी, रिलॅक्स हो ना!”

सुट्टीत तिनं न्यू मेक्सिकोची ट्रिप काढली. तिथल्या एका म्युझियममध्ये स्पॅनिश अमलातली जुनी कला होती. लाकडात कोरलेले संत, फळ्यांवर रंगवलेली मेरी. मोठमोठ्या डोळ्यांचे ते देव मला परके वाटेनात. एका कोपऱ्यात, बुटक्या चौथऱ्यावर, टोपी घातलेला शेतकरी संत उभा होता. पुढं नांगर आणि मांजराएवढी बैलजोडी.

“हा प्रार्थनेत गुंगला की देवदूत येऊन त्याचा नांगर हाकायचा,” भाचीनं पाटी वाचून सांगितलं आणि ती पुढं गेली.

मी अजून टिकली नाही, मेणावर पिंजर लावते. जीव धास्तावला की कुंकू जागेवर आहे ना, म्हणून बोट कपाळाकडं जातं. भाची दिसेना तसं ते गेलं, आणि तेच बोट पुढं होऊन बैलाच्या कपाळाला टेकलं. पोळ्याला मातीच्या बैलांना लावतो तसं. हात मागं घेतला तेव्हा तिथं लाल ठिपका होता.

पांढऱ्या वेणीची राखणदार बाई आली. तिनं ठिपका पाहिला, मग माझं कपाळ. भाची धावत आली.

“मावशी, तू हात नाही ना लावलास?”

“नाही गं.”

झालं, भाची उसळली. कपाळावर कुंकू दिसलं म्हणून आमच्यावरच संशय का, असं काहीतरी ती इंग्रजीत तडातडा बोलली, हे मागाहून समजलं. तेव्हा मला कळला एकच शब्द, ‘गॅरंटी’, म्हणजे हमी. बाईचा चेहरा उतरला. ती आम्हालाच सॉरी म्हणाली. मी मूठ आवळून उभी.

गाडी चालवता चालवता भाचीनं सोललेल्या संत्र्याच्या फोडी पुढं केल्या. मी डावा हात पुढं केला.

“डावा कशाला? उजव्याला काय झालं?”

मूठ उघडली. बोट लाल. तिनं गाडी कडेला घेतली.

“अगं, मी त्या बाईला काय काय बोलले! तुझ्या शब्दावर!”

“गाडी मागं फिरव,” मी म्हटलं.

बाई त्याच कोपऱ्यात होती. मी बोट दाखवलं. “आय टच. यू नो सॉरी. मी सॉरी.” ती हसली नाही. रागावलीही नाही. भाचीनंही मान खाली घालून माफी मागितली. मग बाईनं एक फॉर्म आणला. काय झालं, कोणी केलं, ते लिहून द्यायचं होतं. डाग काढायला जाणकार माणूस येईल, पण निघेलच असं नाही, असं बाई म्हणाल्याचं भाचीनं सांगितलं.

भाचीनं सवयीनं पेन उघडलं.

“दे इकडं,” मी म्हटलं. “याची हमी तुझी नको.”

आणि खाली, मराठीत, एकेक अक्षर जोडत मी माझं पूर्ण नाव लिहिलं.