मराठी न येणारं बेट

“पुढचं बोला,” असं म्हणून बाई उजवा तळवा असा समोर धरायच्या, की चालती एस्टी थांबली असती. लेकराला सुई टोचताना त्याची आईच रडायला लागली, पुढचं बोला. डॉक्टर उशिरा येण्याचं कारण सांगू लागले, पुढचं बोला. आणि नव्या ओळखीतल्या कुणी “मालक काय करतात?” असं विचारलं, तर प्रश्न पुरता तोंडाबाहेर पडायच्या आतच तळवा वर आलेला असायचा.

तुमच्याही गावात अशी एखादी नर्सबाई होऊन गेली असेल. जवळा बाजारला आमच्या ह्या बाई होत्या, आणि सरकारी दवाखान्यासमोर माझं एसटीडीचं दुकान होतं. काचेची खोली, आत फोन, वर लाल आकड्यांचं मीटर. आता त्याच जागी रिचार्ज आणि कुरकुरे मिळतात, तेही मीच विकतो.

बाईंनी पंचेचाळिशी ओलांडली होती. एकट्याच राहायच्या. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि दाराशी पुरुषाची चप्पल नाही. मूलबाळ नव्हतं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत मालक निजामाबादला कामाला म्हणून गेले ते गेलेच. मेल्याची खबर नाही, फारकत नाही. सासर पुसेगावकडचं, त्या बाजूची बदली बाई कायम टाळत आल्या. हे सगळं मला आमच्या मंडळींकडून कळलं. मंडळी म्हणजे माझी बायको. बाई राहायला आल्या त्याच दिवशी तिनं चहा नेऊन दिला, आणि रिकामा कप परत आणेपर्यंत त्यांचं सगळं गोत्र काढून आणलं. त्या तळव्याला न जुमानणारी तेवढी एकच.

बाई फोनवर बोलायच्या त्या मीटरकडं बघूनच. पुढचा आकडा पडून पैसे वाढायला आले की वाक्य अर्धं तोडून फोन ठेवायच्या, आणि समोरचा माणूस तिकडं हॅलो हॅलो करत बसायचा. एकदा त्यांनी औरंगाबादच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याचा नंबर लावायला सांगितला. मला वाटलं तिरुपती असेल, फार तर काशी. दाराला खालून फट होती आणि मी काही कानात बोळे घालून बसत नव्हतो. आतून आवाज आला, “मॉरिशसला स्वस्तात स्वस्त काय पडंल?”

मी आ वासून बघत राहिलो. बाई बाहेर आल्यावर म्हटलं, लॉटरी लागली काय हो? तर म्हणाल्या, लॉटरी कशाला पाहिजे, रजा साठलेल्या आहेत आणि माझ्यावर खाणारं तोंड एकच आहे. डॉक्टरांच्या खोलीत औषध कंपनीचं एक कॅलेंडर होतं, निळं पाणी आणि वाकडी नारळाची झाडं. वर्ष संपून गेलं तरी ते कुणी काढलं नव्हतं. रोज त्याच्याखाली बसून बाई गोळ्या मोजायच्या. तिथून ते खूळ शिरलं होतं.

खूळ म्हणायला मी मोकळा, पण त्यांची तयारी पक्की होती. जायचं तिकडच्या पावसाळ्यात, कारण तेव्हा गिऱ्हाईक नसतं आणि खोल्या स्वस्तात सुटतात. पावसात काय बघणार, असं मी विचारलं, तर म्हणे, आपल्याकडं पाऊस पडला की मी पलंगाखाली जाऊन बसते का? सोबत दशम्या, कारळाची चटणी आणि चहाची भुकटी. ट्रॅव्हल्सवाल्यानं टोळीबरोबर जा, स्वस्त पडेल म्हटलं, ते त्यांनी तिथंच मोडून काढलं. मग एकट्या माणसाला खोली महाग पडते, असं तो म्हणाला. त्यावर बाईंनी मीटर विसरून त्याच्याशी भांडण केलं. मी काय दोन पलंगांवर झोपणार आहे, दोन ताटं जेवणार आहे, असं त्या विचारत होत्या. ट्रॅव्हल्सवाल्याकडं फक्त नियम होता.

मला आपलं वाटलं, बाईंना मदत करावी. दुकानात येणाऱ्या एका मास्तरांकडून मी माहिती काढली आणि मोठ्या आनंदानं सांगितली, की मॉरिशसला पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसं राहतात, तिकडं गणपती बसतो, सत्यनारायण होतो. हॉटेल कशाला पाहिजे? कुणाच्या तरी घरी उतरा. आपली माणसं काय, गाव विचारतील, माहेर विचारतील आणि पाट मांडतील.

बाईंनी पर्समधून सुटे काढले, मोजून दिले आणि म्हणाल्या, “मग मॉरिशस नको.”

दुसऱ्या दिवशी लाइन लागत नव्हती म्हणून त्या स्टुलावर बसून राहिल्या, आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं. बदली झाली की सामान नंतर पोचायचं, तो मालकांचा प्रश्न आधी पोचायचा. एस्टीत शेजारी बसलेली बाई विचारते. बाळंत होणारी बाई कळा देता देता विचारते. संक्रांतीला कुंकू लावताना बायांचा हात थबकतो, लावावं का न लावावं. “बरं, मेले म्हणावं तर मेले न्हाईत. हायेत म्हणावं तर कुठं हायेत?” त्यांना समुद्र बघायचा होता हे खरंच, पण त्याहून जास्त त्यांना आठ दिवस हवे होते, जिथं हा प्रश्न कुणी विचारणार नाही. एवढंच. हे सांगताना त्यांचा आवाज जुलाबाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगताना असायचा तसाच होता.

मग बाली नावाचं बेट निघालं. राहणं-खाणं फार स्वस्त, जाणं तेवढं महाग, असं ट्रॅव्हल्सवाला म्हणाला. बाईंनी त्याला एकच विचारलं, “तिथं कुणाला मराठी येतं का?” तो बिचारा ओशाळून म्हणाला, नाही हो मॅडम, कुणालाच नाही. “बराबर,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी मला हसत चहा पाजला. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

पासपोर्टचा अर्ज त्यांनी माझ्या टेबलावर बसून भरला. कायमचा पत्ता आला तिथं त्यांनी सासरचं गाव लिहिलं. मी म्हटलं, बाई, तिथं तुमचं आहे कोण? उभी हयात त्या गावाकडं फिरकला नाहीत.

“बाईमाणसाचा कायमचा पत्ता सासरचाच असतो, भाऊ. सरकारी कागदावर खोटं न्हाई लिहीत मी.”

झालं. इकडं आमच्याकडं पोलीस ठाण्याचा जमादार चौकशीला येऊन गेला, मी साक्ष दिली, आमच्या मंडळींनी त्याला पोहे खाऊ घातले. कायमच्या पत्त्यावरही पोलीस चौकशीला गेले असणार, हे तेव्हा आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळी उलटल्यावर, बाजारच्या दिवशी, एक माणूस माझ्या दुकानापुढं येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात वायरची पिशवी, एका पायाला फडकं गुंडाळलेलं आणि त्यावर माशा. सिस्टरबाईचं घर कोणतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, आपण?

“मालक.”

मी त्याला पाणी दिलं. पाणी पिता पिता त्यानंच सगळं सांगितलं. गावात पोलीस आले, तुमची भावजय परदेशात चालली म्हणाले, भावांनी निजामाबादला निरोप धाडला. “म्हणलं, जायच्या आधी गाठ घ्यावी.” म्हणजे भावांना पत्ता ठाऊक होता. इतकी वर्षं ठाऊक होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण माणूस तापानं फणफणला होता, त्याला काय बोलणार.

बाई दवाखान्यातून बाहेर आल्या. बाजारातली निम्मी माणसं भाजी सोडून बघत उभी होती. आमच्या मंडळींनी तर पदर तोंडाला लावून ठेवला होता, आता काय होतंय म्हणून. बाईंनी त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग पायाकडं. “बसा,” म्हणाल्या, “पाय वर घ्या.” आणि फडकं सोडायला लागल्या. रडणं नाही, शिव्या नाहीत. गर्दी थोडा वेळ थांबली आणि मग वांग्याचा भाव करायला निघून गेली.

साखरेनं पाय सडला होता. नांदेडला न्यावं लागलं, घोट्याच्या वरून काढावा लागला. त्या धावपळीत पासपोर्ट आला, तो मी घेऊन ठेवला. पुढं दवाखान्याचं बिल मंजूर करायची वेळ आली, तेव्हा बाईंच्या ऑफिसनं विचारलं, हे तुमचे मालक कशावरून? ना रेशनकार्डावर नाव, ना मतदार यादीत. बाईंनी पासपोर्ट दाखवला. शेवटच्या पानावर नवऱ्याचं नाव होतं. पासपोर्ट काढल्याचा तेवढा एक उपयोग झाला.

संक्रांतीला बायांनी बाईंना आग्रहानं बोलावून नेलं. हात कुणाचा थबकला नाही. बाईंचं नशीब उघडलं, असं आमची मंडळी घरी येऊन म्हणाली. मी जेवत होतो, जेवत राहिलो.

मालक दिवसभर ओट्यावर खुर्चीत बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालायचे. वाईट नव्हता माणूस. तोंडानं गोड होता, हेच मला जास्त खुपायचं. बाई त्यांना वेळच्या वेळी सुई द्यायच्या, जेवू घालायच्या, पट्टी बदलायच्या. दुकानात आता फक्त नांदेडला फोन लावायला यायच्या.

एकदा न राहवून मी बोललो, बाई, बालीचं काय? पासपोर्ट आलाय, रजा आहेत. आठ दिवस ह्यांच्याकडं आमी बघतो, आमची मंडळी भाकरी देईल.

“आता काहून जायचं, भाऊ?” त्या म्हणाल्या. “कुणी विचारणार न्हाई अशा ठिकाणी जायचं होतं. आता हितंच कुणी विचारत न्हाई.”

मी उगाच मीटर पुसत बसलो.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली, कनेरगाव नाक्याच्या बाजूला. सामान टेंपोत चढवलं, ते तरी किती, पलंग, पेटी, भांडी, एक कुबडी. आम्ही शेजारपाजारचे सगळे निरोप द्यायला उभे होतो. टेंपोवाल्याच्या शेजारी एकाच माणसाची जागा होती. दोर आवळता आवळता त्यानं सहज विचारलं, बाई, माणसं किती हायेत?

“दोघं,” बाई म्हणाल्या. मालकांना धरून पुढं बसवलं, आणि स्वतः मागं सामानात जाऊन बसल्या.