पूजेला बसलेला कॉम्प्युटर

रवळूच्या आईनं, जयाबाईनं, गावभर सांगून ठेवलं होतं, "आमचा रवळू आता ढगात असतोय." खानापूरकडच्या त्या गावात ढगात गेलेल्या माणसाचं बारावं घालतात. दोघी-तिघी तोंडाला पदर लावून आल्या, आणि रवळू सोप्यात बसून चहा भुरकताना दिसल्यावर जरा नाराज होऊनच परत गेल्या.

जयाबाईची तरी काय चूक? कारखान्याचं नेटवर्क आता क्लाउडवरून, म्हणजे ढगातून, चालतं असं रवळूनंच तिला सांगितलं होतं. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत तो पाच वर्षं भट्टीपुढं भाजून निघाला. मग आयटीआयच्या जोरावर आतल्या खोलीत खुर्ची मिळाली. खोलीला एसी होता. तो रवळूसाठी नव्हता, स्विचसाठी होता. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथं येऊन मिळतात तो डबा. पण गार वारं काय माणूस बघून लागतंय?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पुण्याच्या हेड ऑफिसातून मंथन सरांचा फोन आला.

"रवळू, तुमचा स्विच मला इथं लाल दिसतोय. क्लाउडशी बोलतच नाहीये. बारापर्यंत हिरवा झाला नाही तर काम एजन्सीला देणार आणि तुम्हाला परत भट्टीवर पाठवणार. वरूनच आलंय."

"वरनं म्हंजे ढगातनं काय सर?"

मंथन सर हसले नाहीत.

रवळूनं वायर काढून परत घातली. स्विच तीनदा बंद-चालू केला. त्याच्या विद्येतला हा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा उपाय. इंटरनेट झकास होतं. क्लाउडचा पत्ताही सापडत होता, फक्त दारातून हाकलून देत होते. शेवटी त्यानं लॅपटॉप जोडून स्विचच्या पोटातल्या नोंदी उघडल्या. 'सर्टिफिकेटची मुदत अजून सुरू झालेली नाही.' शेजारी तारीख : १ जानेवारी १९७०.

"आयला! माझा बा अजून चड्डीत फिरतोय, आणि ह्यो ड्यूटीवर!"

खंडेनवमीला सगळी वीज बंद करून यंत्रं पुसली, तेव्हा गडी वेळ विसरला होता; आणि सर्टिफिकेट, म्हणजे क्लाउडचं ओळखपत्र, त्याच्या तारखेला अजून जन्मालाच आलं नव्हतं. वेळ त्यानं भोंगा वाजवणाऱ्या कॉम्प्युटरला विचारायची, ही सोय रवळूनंच लावलेली. हातानं घातलेली वेळ तो मानायला तयार नव्हता.

रवळू भोंग्याच्या खोलीत धावला. कॉम्प्युटर झेंडूच्या माळेत, कपाळाला कुंकू, पुढ्यात नारळ, आणि ठार बंद. तो बटण दाबणार इतक्यात मागून फोरमन मारुतीराव ओरडले, "ए, हात लावू नको! पूजा हलवली न्हाय अजून!"

पूजेला बसलेल्या हत्याराला पूजा हलवल्याशिवाय शिवायचं नाही. हेल्मेट न घालणारी माणसंसुद्धा हा नियम पाळतात.

"मग दसऱ्याला हलवायची की अण्णा!"

"ऱ्हायलं रं. लेथ, क्रेन, माझी बुलेट, सगळ्यांची हलवली. ह्यो पडला कोपऱ्यात."

"आणि सकाळचा भोंगा?"

"मी दाबला की हातानं."

"बरं, राहू दे. बारानंतर मी येतोयच भट्टीवर. तुमच्याच हाताखाली."

पाच वर्षं रवळूला हाताखाली सांभाळलेले मारुतीराव हे ऐकून ताडकन उठले. कँटीनमधून तांदूळ आणले, अक्षता टाकल्या, डोळे मिटून कॉम्प्युटर बोटभर सरकवला आणि नारळ फोडला. "दाब आता. लौकर दाब."

बाराला दहा कमी होते. कॉम्प्युटरचं घड्याळ तेवढंच पुढं; त्यानं उठल्या उठल्या जेवणाचा भोंगा देऊन टाकला. दीडशे माणसं डबे घेऊन बाहेर पडली; दहा मिनिटं लवकर झालं म्हणून एकानंही तक्रार केली नाही. तिकडं स्विच १९७० मधून आजच्या तारखेला आला आणि पुण्यात हिरवा झाला.

कारण लेखी कळवायचं होतं. रवळूनं त्याच्या इंग्रजीत लिहिलं, 'टाइम सर्व्हर वॉज विथ पूजा.'

लगेच फोन. "रवळू, ही पूजा कोण? तिच्याकडं सर्व्हर कुणी दिला?"

रवळू एसीखालच्या खुर्चीत खोबरं चावत बसला होता.

"काळजी नको सर," तो म्हणाला. "तिला आत्ताच नारळ दिला."