मनोरमाचं नाक

आमच्या मनोरमाला जाऊन वर्ष व्हायच्या आतच तिच्या मुलींनी ठरवलं, की बाईंचा पुतळा बसवायचा. मुली म्हणजे पोटच्या नव्हेत. सुदामा नगरातल्या आमच्या पुढच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं ज्या तिच्याकडे शिवण शिकल्या, त्या. कितीकींचा संसार त्या शिलाईवर उभा राहिला. महिला मंडळाच्या नव्या खोलीत बाईंचा खांद्यापर्यंतचा पुतळा असावा असं त्यांच्या मनात होतं, आणि तो घडवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मंडळाची स्मिता म्हणाली, "काकाजी, बाईंचा चेहरा तुमच्याइतका कोणाला ठाऊक असणार?"

मीही मान डोलावली. मी देवासकडच्या खेड्यातला, शाळा सातवीपर्यंत. पण चाळीस वर्षं गावोगाव गोष्टी सांगितल्या. माझ्या गोष्टीतली गाय उठून उभी राहिली, की ऐकणारे शेपटी लागू नये म्हणून बाजूला सरकतात, अशी निदान माझी समजूत आहे. अशा माणसाला बायकोच्या चेहऱ्याचं वर्णन काय अवघड?

लालबागच्या मागे रजत नावाच्या मूर्तिकाराचं पत्र्याचं शेड आहे. दाढीला माती लागलेला तरुण पोरगा. त्याने आधी फोटो मागितले. मी पिशवीभर नेले होते. प्रत्येकात मधोमध मी, अंगावर शाल, हातात नारळ. मनोरमा कडेला माझी पिशवी धरून उभी, निम्मी चौकटीबाहेर. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्यांमागे जेवढी दिसेल तेवढी.

"मग तोंडी सांगा," रजत म्हणाला आणि मातीच्या गोळ्यावर हात ठेवून बसला.

मी घसा खाकरला. नाक चाफेकळीसारखं, डोळे श्रावणातल्या विहिरीसारखे, काठोकाठ भरलेले तरी तळ दाखवणारे, आणि हसली की पिकल्या गव्हातून वारा जावा तसं. पाव तास मी बोलत होतो. त्याचे हात हलले नाहीत.

"काकाजी, एकदम बढिया बोलता तुम्ही," तो म्हणाला. "चाफेकळी बनवून देतो ना. पण नाक सांगा, भिया. बाक होता का? नाकपुड्या रुंद की बारीक? कानाची पाळी ओघळलेली होती का?"

मी पाणी मागितलं. ते सावकाश प्यायलो. एकेचाळीस वर्षं जी समोर बसून मला वाढत होती, तिच्या नाकाला बाक होता की नाही हे मला सांगता येईना.

रजतची कामाची एक रीत आहे. माती ओली आहे तोवर घरच्यांनी हवं ते बोलायचं, हवं तर बोटही लावायचं. एकदा साचा घेतला की बोलणं संपलं. साचा रविवारी घ्यायचा होता. गोळ्यावर ओलं फडकं टाकून त्याने मला घरी पाठवलं.

मग मी हिंडू लागलो. घरचं माणूस हरवलं की लोक ठाण्यात वर्णन लिहून द्यायला जातात. मी दारोदार ते मागायला निघालो होतो. तुकोगंजातला चष्मेवाला म्हणाला, नाकाचा दांडा उजवीकडे जरा कललेला, म्हणून चष्मा नेहमी घसरायचा. भाजीवालीने डाव्या भुवईतला वण सांगितला. मशीनची सुई तुटून उडाली होती तेव्हाचा. त्या दिवशी मी घरातच होतो, पाहुण्यांना गोष्ट सांगत. कानाच्या पाळ्यांचं शेजारणीने सांगितलं. स्मिता म्हणाली, बाई टाचण्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यात धरायच्या, त्यामुळे तो कोपरा नेहमी मिटलेला असायचा. गव्हातला वारा कोणाला आठवला नाही.

रविवारी पाच-सहा बायका शेडमध्ये आल्या. स्मिताने अंगठ्याने ओठाचा कोपरा दाबला, दुसरीने पाळी थोडी ओढली. नाक कललं, वण उमटला. सगळं जागच्या जागी बसलं, आणि तरी ती मनोरमा होईना. रजतने साच्याचं प्लास्टर कालवायचं थांबवलं.

"सगळं आलं, पण कोणी दिसत नाही," तो म्हणाला. "यांची नजर कुठे असायची?"

मशीनवर असताना खाली, बायका म्हणाल्या. मान वर असताना? ते त्यांना सांगता येईना. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

आता, गावोगाव माझ्या गोष्टींची सुरुवातच अशी असे, की माझी मनोरमा माझ्या डोळ्यांत डोळे घालून प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा ऐकते. तेच वाक्य जिभेवर आलं होतं. पण ते बोललो असतो, तर मंडळाच्या खोलीत कायमची एक परकी बाई बसली असती.

"माझी गोष्ट सुरू झाली," मी म्हणालो, "की ती माझ्या खांद्यावरून मागे बघायची. गॅसवर दूध असायचं."

स्मिताने तोंडाला पदर लावला. "दूध नसलं तरी बघायच्या, काकाजी," ती म्हणाली. बाकीच्या हसल्या.

रजतने कोरणीने दोन्ही बुबुळं थोडी बाजूला सरकवली, एक पापणी जराशी उचलली आणि मागे सरला. हसू थांबलं. स्मिताने पदर खांद्यावर सारखा केला, वर्गात उशीर झाल्यावर करायची तसा, आणि हळूच "बाई" म्हणाली.

मी पुतळ्याच्या अगदी समोर उभा राहिलो. उगाच खात्री करून घ्यावी म्हणून एका राजाची गोष्ट सुरू केली. दोन वाक्यांतच पटलं.

रजतला म्हणालो, "घे साचा."