सरका जरा

तळेगावच्या रोडवर एक मानूस सॅक्सोफोनचे माउथपीस, म्हंजे तोंडात धरायचे तुकडे, घासून देते. त्याची एक सवय मले पटत नाई. घासायचं लहान मशीन तो टेबलाले पक्कं कसते, त्याले दगडाची बारीक पिन लावते, अन् माउथपीसच्या आत पाहून, जसं आत कोनी बसलं हाय, त्याले म्हनते, "सरका जरा." मंगच बटन दाबते.

यंदा माहे वरचे दात पडले, कवळी आली अन् माह्या सॅक्सोफोनचा सूर फाटाले लागला. बँडवाले म्हने, बुढ्याले आता घरी बसवा. बसनारा मी नाई. मेलेल्या भावाचा माउथपीस काढला अन् त्याच्याकडं गेलो.

दातानं पडलेल्या वरच्या खाचेवरून त्यानं बोट फिरवलं. "काका, हे दात तुमचे नाई."

"भावाचे हायेत. पुसून टाक. मले माहाच सूर पायजे."

त्यानं मशीन लावलं, खाच सपाट केली. या खेपेले 'सरका' काई म्हनला नाई.

मी फुंकलं. भाऊ वरच्या सुरावर चढताना जरासा अडखळायचा. सूर तसाच अडखळला. माह्या कवळीचे दात पुसलेल्या खाचेच्याच जागी जाऊन बसले.

त्यानं मशीन बंद केलं अन् माह्याकडं पाह्यलं.

"काका," तो हळूच म्हनला, "सरका जरा."