कांचनचा शनिवार

संजूच्या कंपनीतून फोन आला तेव्हा मी इगतपुरीत गिरणीवर दळणासाठी उभी होते. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, ऑडिट चालू असतानाच साहेबांना त्रास झाला…" आणि थांबला. तो थांबला तेव्हाच कळलं. माझा धाकटा भाऊ, नाशिकला अंबडच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर, त्या गुरुवारी ऑडिटरला मशीन दाखवता दाखवता कोसळला आणि गेला. महिना होऊन गेला त्याला. लोक म्हणतात, काम करता करता मरण आलं, भाग्यवान. आग लागो त्या भाग्याला.

संजू लहानपणापासून टापटिपीचा. कारखान्यात त्यानं वेळेची एक पद्धत बसवली, तिचं कौतुक झालं, आणि मग ती त्यानं घरी आणली. मोबाइलच्या कॅलेंडरात कामाचे तास निळे, घरचे हिरवे. हिरव्यात लेकीचा, मुक्ताचा, रोजचा अर्धा तास, चालणं, देवपूजा आणि रविवारी मला फोन. मी गुडघ्यांचं रडगाणं सुरू केलं की म्हणायचा, "ताई, पुढच्या रविवारी इथूनच सुरू करू." मी चिडायचे. पण खोटं कशाला बोलू, माझ्या दोन्ही मुलांपेक्षा तोच नेमानं फोन करायचा.

त्या हिरव्यात कांचन, त्याची बायको, मात्र कुठेच नव्हती. एकदा माझ्यासमोरच तिनं विचारलं, "माझी वेळ कुठली हो?" तो अगदी मनापासून चकित झाला. "अगं, तू तर घरातच असतेस. तुला वेगळी वेळ कशाला?" चांगला माणूस होता माझा भाऊ. असलं बोलायला चांगलीच माणसं लागतात, वाईट माणसं निदान जपून बोलतात.

त्या आठवड्यात सोमवारी जिना चढताना त्याच्या छातीत कळ आली. कांचन म्हणाली, "आत्ताच्या आत्ता चला." त्यानं मोबाइल काढला, आठवडा पाहिला. ऑडिट होतं. डॉक्टरला त्यानं शनिवार दिला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "तूही चल. दाखवून झालं की मिसळ खाऊ, दोघंच. दुपारपर्यंत दुसरं काही ठेवत नाही." आणि तिच्या देखत ती सगळी सकाळ हिरवी करून वर तिचं नाव टाकलं. बुधवारी पुन्हा दुखलं, तेव्हा तिनं हट्ट धरला नाही. "आधीच डॉक्टरकडे गेलो असतो तर शनिवार गेला असता ना, ताई…" हे तिनं मला सुतकात सांगितलं. तिला एक थोबाडीत द्यावी आणि पोटाशीही धरावं, असं दोन्ही वाटलं मला. मी उठून चहा टाकला.

त्या शनिवारी सकाळी पुरुषमंडळी सावडायला गेली होती. दवाखान्यातून फोन आला, साहेब अजून आले नाहीत म्हणून. कांचननंच घेतला. "आज नाही जमणार त्यांना," म्हणाली. पलीकडच्या मुलीनं दुसरी वेळ देऊ का विचारलं, तर "नको" म्हणून ठेवून दिला. रडली नाही. मीच रडले, आणि संजूला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

गेल्या शनिवारी तिनं मला त्या मिसळीच्या ठिकाणी नेलं. पोटभर खाल्लं, दोनदा रस्सा मागवला. मी म्हटलं, "संजूला आवडलं असतं गं." "छे हो, अर्ध्यातच उठले असते ते," म्हणाली. खाणं झालं, बिल दिलं, बाहेर माणसं जागेसाठी ताटकळत उभी. माझी गाडी चुकणार म्हणून मी पिशवी उचलली, तर तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बसा ताई. दुपारपर्यंतची वेळ माझी आहे."