काशीरामची रिक्षा पाखाडीखाली थांबते

काशीराम रत्नागिरीत शाळेची रिक्षा चालवतो. त्याच्या रिक्षात पोर रडत नाही, अशी त्याची ख्याती. युक्ती साधी होती. आरशाला वेफर्सच्या पुड्यांची माळ लटकवलेली असायची. कुणी मुसमुसलं की एक पुडी फोडून हातात द्यायची. पालक खूश, पोरं त्याहून खूश.

माळेवर सगळ्यात जास्त हात पडायचा तो तिसरीतल्या अक्षयाचा. घर पाचव्या मजल्यावर. लिफ्टने खाली यायचं ते थेट रिक्षात. खेळायला जावं तर खाली सगळं पार्किंग, वॉचमन हाकलणार. मग संध्याकाळभर कोचावर मोबाईल आणि पुढ्यात काहीतरी कुरकुरीत. पोर फुगत गेली.

शिमग्याची सुट्टी संपवून ती आजोळहून, पावसहून, परतली ती गप्पगप्प.

"काय गो, पालखी नाचवलीस की नाय?" काशीरामने विचारलं.

"आईने गाडीतच बसवलं. चढावर मला दम लागतो ना."

काशीरामने आरशात पाहिलं. आरशात तिचा चेहरा होता आणि चेहऱ्याआड आपलीच माळ हलत होती. दिवसभर त्याला घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी माळ नव्हती.

"काका, पुड्या कुठे गेल्या?"

"उंदराने खाल्ल्या."

"सगळ्या? म्हणजे अक्षयाच!" तिच्याच वर्गातला चिराग ओरडला आणि रिक्षाभर खिदळणं झालं.

"गप रे मेल्या. तो उंदीर मी," काशीराम म्हणाला आणि त्याने शाळेच्या अलीकडेच रिक्षा थांबवली. समोर जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची जुनी पाखाडी शाळेकडे चढत होती. "उतरा."

"गाडी बिघडली?"

"गाडी नाय, डायवर बिघडलाय. चला."

अर्ध्या वाटेवर अक्षया मटकन बसली. काशीरामही शेजारी टेकला. त्याला दमल्याचं सोंग करावं लागलं नाही, त्याचंही पोट काही कमी नव्हतं. "बस गो बाय. घाई कुणाला आहे?"

आठवडाभरात अक्षयाची आई, दर्शना, तणतणत खाली आली. "काशीरामकाका, रिक्षा लावली ती मुलीने पायपीट करायला? मी दुसरी गाडी बघते."

मान खाली घालून काशीराम एवढंच म्हणाला, "बघा वहिनी. पण एकदा आमच्याबरोबर पाखाडी चढा, मग बघा."

ती चढली. अर्ध्यावर तिलाच धाप लागली.

"आई, इथे बसायचं असतं," अक्षयाने पायरी झटकून दिली. "काका पण बसतात."

दर्शना बसली. दुसऱ्या गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

थंडीत पाखाडीवरच्या आवळ्याखाली पोरं पडलेले आवळे वेचू लागली. काशीरामची बायको बकुळा डबाभर कणग्या, रताळ्यासारखे कंद, उकडून द्यायची. माळेची आठवण सुरुवातीला रोज निघे, मग कधीतरी. अक्षया काही काडीसारखी झाली नाही. पण पाखाडी चढताना चिराग तिच्या मागे राहू लागला, आणि ते त्याला चांगलंच झोंबायचं.

पुन्हा शिमगा आला, गेला. सुट्टीनंतर अक्षया धावतच रिक्षाशी आली.

"काका, मी पालखीबरोबर वर गेले! मधे दोनदा बसले."

"कुणी हसलं नाय ना?"

"नाही. आई पण बसली."

काशीरामने किक मारली. पाखाडीखाली रिक्षा थांबली, तेव्हा पहिली उडी अक्षयाची होती.